समुद्रात ड्रोनला घर नसतं

कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरचा प्रश्न आहे. डिसेंबरात बहिणीच्या साखरपुड्यासाठी सगळं घर दक्षिण गोव्यात काणकोणला येणार आहे, पाळोळेहून फायबरची होडी ठरवली आहे. ड्रोन २४९ ग्रॅमचा, आणि जमिनीवर दोन वर्षांत हात चांगला बसलाय. होडीवरून तो उडवायचा कसा, आणि सुखरूप परत घ्यायचा कसा?

मी गोव्यात होड्यांवरून ड्रोन उडवून पोट भरतो. मासेमारीच्या सहली, लग्नं, कधी बंदराची कामं. उत्तर शेवटाकडून सुरू करतो, कारण उडवणं कुणालाही जमतं. होडीवर ज्यांचे ड्रोन गेले त्यांतले बहुतेक परत घेताना गेले. माझा पहिलाही तसाच गेला.

बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी होतो. ओहोटी लागलेली, इंजिन बंद, होडी पाण्याबरोबर बाहेर सरकत होती. आम्हाला ते जाणवलंही नाही, कारण आजूबाजूचं पाणीही आमच्याबरोबरच चाललं होतं. नऊ मिनिटांनी मी ‘रिटर्न टू होम’चं बटण दाबलं आणि निवांत वर बघत बसलो. ड्रोन परत फिरला, बराच मागे एका जागी थांबला आणि खाली उतरू लागला. स्क्रीनवर लाटा मोठ्या होत गेल्या. अगदी शिस्तीत, घाई न करता तो पाण्यावर उतरला. ड्रोनचं काहीच चुकलं नव्हतं. उडताना आम्ही जिथे होतो तिथेच तो इमानदारीने परतला होता, आम्ही मात्र तिथे नव्हतो.

हिशेब करून बघा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. दोन नॉटच्या ओढीत नऊ मिनिटांत होडी साडेपाचशे मीटर जाते. इंजिन चालू ठेवून पाच नॉटने चाललात तर वीस मिनिटांत तीन किलोमीटर. ड्रोनने उडताना नोंदवलेला होम पॉइंट म्हणजे पाण्यावर ओढलेली रेघ. म्हणून होडीवर ते बटण नाहीच असं समजून चाला.

यातून सेटिंगचं पहिलं काम निघतं. सिग्नल तुटला तर काय करायचं, याचे मेनूत साधारण तीन पर्याय असतात: परत ये, तिथेच थांब, उतर. जमिनीवर आपण ‘परत ये’ ठेवतो. होडीवर मी ‘तिथेच थांब’ ठेवतो. ड्रोन हवेत एका जागी उभा राहिला तर होडी त्याच्याकडे नेता येते आणि जवळ गेलं की सिग्नल बहुधा पुन्हा जुळतो. रिकाम्या पाण्याकडे निघालेल्या ड्रोनच्या मागे होडी पळवण्यापेक्षा ते बरं. बऱ्याच मॉडेलांत होम पॉइंट ‘रिमोटच्या जागी’ बदलता येतो. ती सोय असेल तर दर तीन-चार मिनिटांनी तो बदलत राहा. मात्र काही रिमोट ही जागा फोनच्या जीपीएसवरून घेतात. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिली आहे का, हे किनाऱ्यावरच बघा.

बॅटरीची धोक्याची पातळी हा दुसरा सापळा. कमी बॅटरीवर सुरू होणारं परतणं तुम्ही रद्द करू शकता. पण बॅटरी अगदी तळाला गेली की ड्रोन स्वतःहून उतरू लागतो आणि ते रद्द होत नाही. फार तर थ्रॉटल, म्हणजे उंची कमी-जास्त करणारी स्टिक, वर दाबून धरत उतरण्याचा वेग कमी करायचा आणि बाजूला न्यायचा. म्हणून माझा नियम जुन्या खलाशांसारखा भित्रा आहे: ५० टक्क्यांवर परत फिरायचं, ४० टक्क्यांवर ड्रोन होडीशेजारी हवा आणि पकडण्याचा पहिला प्रयत्न तेव्हा. पहिल्या प्रयत्नात हाती लागेलच असं नाही. तीन-चार वेळा माघार घ्यायला बॅटरी उरली पाहिजे. खोक्यावर तीस-एकतीस मिनिटं लिहिलेली असतात. खाऱ्या वाऱ्यात मी सोळा-सतरा धरतो, त्यातली कामाची दहा.

आता होडी. पाळोळेच्या पर्यटक होड्यांपैकी काहींवर ऊन लागू नये म्हणून पाइपांवर ताडपत्रीचं छप्पर असतं. तसली होडी घेऊच नका, किंवा छप्पर आदल्या दिवशी उतरवायला सांगा. आदल्या संध्याकाळी जाऊन होडी डोळ्यांनी बघा: उभ्या काठ्या, झेंडा, गळाच्या काठ्या, दोऱ्या. बाजूला तोल सांभाळणारी उलांडी बांधलेली असेल तर पकडण्याचं काम दुसऱ्या बाजूने करायचं. लोखंडी ट्रॉलर असेल तर कंपासची आणखी एक डोकेदुखी. लोखंडी डेक, नांगराची साखळी, इंजिन, सगळं मिळून ड्रोनच्या कंपासला भुलवतं. फायबरच्या होडीत हा त्रास कमी, पण मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनच्या शेजारी ड्रोन सुरू करू नका. कंपास कॅलिब्रेट करायचाच असेल तर किनाऱ्यावर मोकळ्या वाळूत करा. होडीवर अ‍ॅपने कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

माणसं तीन. सुकाणूवर तांडेल, रिमोटवर तुम्ही, पकडायला तिसरा. रिमोट आणि पकडणं दोन्ही एकट्याने करणारे आहेत, मीही करतो. पण पहिल्या वर्षी करू नका. पकडणाऱ्याला जाड कातडी हातमोजा आणि डोळ्यांवर चष्मा हवा, साधा गॉगलही चालेल. ड्रोन लहान असला तरी पाती बोट चिरतात. माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाके आहेत, ते अशाच एका ‘लहानशा’ ड्रोनचे. लाइफ जॅकेट सगळ्यांना, तुम्हालासुद्धा. जॅकेट घातल्यावर रिमोट कुठे येतो हे एकदा घालून बघा, कारण नेमक्या त्या जागी फुगीर फोम असतो. रिमोट पट्ट्याने गळ्यात. होडीवर पाचवा-सहावा माणूस म्हणजे मोबाइलवर शूटिंग करायला ऐन वेळी उभी राहणारी आत्या. तिला आधीच नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसवा, हातात खाण्याचं काहीतरी द्या.

तिघांत चार शब्द ठरवून घ्या. आमच्याकडे ‘आणतोय’, ‘धरला’, ‘बंद’ आणि ‘वर’ एवढेच. ‘वर’ म्हणजे माघार. तो कुणीही म्हणू शकतं आणि म्हटल्यावर कारण विचारायचं नाही. ‘सोड’ हा शब्द आम्ही वापरतच नाही. एकदा मी थ्रॉटलबद्दल स्वतःशीच ‘सोड, सोड’ पुटपुटलो आणि पकडणाऱ्याने ड्रोन सोडला.

उडवण्याचं थोडक्यात. ड्रोन चालू झाल्यावर आतले सेन्सर स्थिर होईपर्यंत त्याला हलणं नको असतं. डोलत्या फळीवर ठेवला तर एकामागून एक तक्रारी देत बसतो. पकडणाऱ्याने तो पोटाखालून हातात धरायचा, गुडघे सैल ठेवायचे, होडी हलली तरी हात फारसा हलू द्यायचा नाही. पाणी भरलेली कळशी डोक्यावरून आणताना शरीर जसं स्वतःच सांभाळून घेतं, तसं. उपग्रह पुरेसे मिळाले, होम पॉइंट नोंदला, मग हात खांद्याच्या वर आणि होडीच्या बाहेरच्या बाजूला. ऑटो टेकऑफ वापरू नका. तो ड्रोनला मीटरभर उंचीवर नेऊन जागच्या जागी थांबवतो. ती जागा जमिनीच्या हिशेबाने पक्की असते आणि तेवढ्यात होडी सरकून काठी, छप्पर, डोकं त्याच्या खाली आणते. मोटर सुरू झाल्या की थ्रॉटल ठामपणे वर, पाच-सहा मीटर उंच आणि होडीपासून लांब बाहेर. त्या क्षणी होडी थांबलेली असली तर उत्तम, पुढे चाललेली असली तर ड्रोन मागच्या अंगाने सोडायचा, म्हणजे होडी त्याच्यापासून दूर जाते.

हवेत गेल्यावर दोनच गोष्टी. काम वाऱ्याच्या वरच्या अंगाला करा, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो. होडीत बसून वाटतो त्यापेक्षा साठ मीटरवर वारा बराच जास्त असतो. २४९ ग्रॅमच्या बऱ्याच ड्रोनची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर, अशी छापलेली असते. मी त्याच्या निम्म्यावर थांबतो. दुसरी गोष्ट, विनाकारण पाण्याला चिकटून उडू नका. खालचे सेन्सर जमिनीची नक्षी पाहून जागा धरतात. पाण्याची नक्षी स्वतःच चालत असल्याने ड्रोन लाटेबरोबर वाहू लागतो, कधी उंची चुकवतो. दहा मीटरच्या वर हा त्रास बहुतेक संपतो.

आता पकडणं. हे नीट वाचा.

होडी पूर्ण थांबवू नका. बंद इंजिनची होडी लाटेला आडवी होते आणि पाळण्यासारखी डोलते. तांडेलाला सांगायचं, नाळ वाऱ्यावर धर, थोडी तिरकी, म्हणजे वारा तुमच्या डाव्या गालावर यावा. इंजिन अगदी कमी, होडी पुढे सरकतेय एवढंच. अशी होडी बाजूला कलत नाही, फक्त वर-खाली होते, आणि तेही मधल्या बाकापाशी सर्वांत कमी. पकडणारा त्या बाकापाशी, उजव्या काठाला. एक गुडघा बाकाला रोवलेला, डावा हात काठावर, उजवा मोकळा. तुम्ही त्याच्या मागे, बसलेले, पाय समोरच्या फळीला टेकवून.

ड्रोन उजवीकडे, होडीपासून आठ-दहा मीटर, डोक्याच्या दोन मीटर वर. त्याचं तोंड होडी जिकडे चालली आहे तिकडेच, म्हणजे तुमचं डावं ते त्याचं डावं. समोरासमोर आणलात तर ऐन घाईत स्टिक उलट जाईल, दहा वर्षं उडवणाऱ्याचीही जाते. अडथळा टाळणारे सेन्सर असतील तर आता बंद, नाहीतर हात दिसताच ड्रोन मागे सरेल. मग पुढची स्टिक हळूच, होडीच्या वेगाशी वेग जुळेपर्यंत. शेजारी चाललेल्या दोन सायकलींवरून डबा द्यायचा असेल तर आधी वेग जुळवतो आणि मग हात पुढे करतो, तेच इथे. वेग जुळला की दहा सेकंद काहीच करू नका. नुसतं बरोबर चाला. हे दहा सेकंद लोकांना जमत नाहीत.

‘आणतोय.’ आता उंची कमी करत, एका वेळी हातभर, डावीकडे. हात ड्रोनमागे धावत नाही, ड्रोन हाताकडे येतो. पकडणाऱ्याने एकदा वाकून काठाबाहेर हात लांबवला की खेळ बिघडला, ‘वर’ म्हणा. ड्रोन कपाळाच्या उंचीला आणि हातभर अंतरावर आला की पकडणारा लाट बघतो. होडी लाटेवर चढते, माथ्यावर क्षणभर थांबते आणि मग उतरते. त्या थांबलेल्या क्षणी खालून पोट धरायचं, बोटं मिटलेली, अंगठा बाजूला. चुकलं तर होडी खाली जात असते, म्हणजे हात पात्यांपासून आपोआप लांब होतो. चढत्या लाटेवर धरायला गेलात तर होडी तुमचा हात पात्यांत घालते.

‘धरला.’ इथे बहुतेक जण दचकतात, कारण ड्रोन एकदम जोर करतो. आवाज चढतो, हात ओढला जातो. होडी पुढे चालली आहे आणि ड्रोनला वाटतं वारा आपल्याला ढकलतोय, म्हणून तो आपली जागा धरायला झटतो. घट्ट धरायचं आणि हात वरच ठेवायचा, छातीशी आणायचा नाही. तुम्ही थ्रॉटल पूर्ण खाली दाबून ठेवायचा. जमिनीवर दोन-तीन सेकंदांत मोटर बंद होतात. होडीवर जास्त लागतात, कधी खूपच जास्त, कारण होडी वर-खाली होत असल्याने ड्रोनला आपण टेकलोय हे पटत नाही. त्यासाठी आपत्कालीन बंद: दोन्ही स्टिक एकदम खाली आणि आतल्या बाजूला. काही मॉडेलांत ही खूण फक्त बिघाडाच्या वेळी चालते. मेनूत ती ‘कधीही’वर ठेवता येते का ते बघा. पण मग ‘धरला’ ऐकल्याशिवाय बोटं तिकडे न्यायची नाहीत, कारण हवेत ती खूण केली तर ड्रोन दगडासारखा खाली. मोटर थांबल्या, ‘बंद’ म्हटलं, की मगच हात खाली.

हे सगळं पहिल्यांदा समुद्रात करू नका. आधी कोल्हापुरात मैदानावर त्याच तिसऱ्या माणसाबरोबर वीस वेळा पकडा: दहा उभ्याने, दहा दोघांनी एका दिशेने चालत. मग काणकोणला एक दिवस आधी या आणि तळपणच्या नदीत, नांगरलेल्या होडीवर पाच वेळा. पकडणारा बदलायचा नाही. साखरपुड्याच्या दिवशी ‘माझा भाऊ क्रिकेटमध्ये कॅच चांगले घेतो’ म्हणून कुणी पुढे आला तर त्याला आत्याशेजारी बसवा.

पकडणं जमलंच नाही तर? यासाठी मी किनाऱ्यापासून सहा-सातशे मीटरच्या पलीकडे काम करत नाही. आधीच एक रिकामा वाळूचा पट्टा ठरवतो, तिथे आपला एक माणूस उभा करतो. ३० टक्के झाले आणि ड्रोन अजून हवेत असेल तर होडीचा नाद सोडून सरळ वाळूवर. ट्रॉलरच्या डेकवर उतरवता येतो का, असंही विचारलं होतं. मोठा ट्रॉलर, नांगरलेला, खाडीतलं संथ पाणी असेल तर येतो, खाली गोणपाट टाकून. लहान होडीत फळी खालून वर येऊन ड्रोनला थोबाडीत मारते.

वेळेबद्दल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डोंगराकडून हलका मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं. दुपारच्या आधी तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारनंतर चांगलाच वाढतो. म्हणून माझं काम सात ते साडेदहा. तुमच्या घरच्यांना सूर्यास्त हवा असणार, हे मला माहीत आहे. सूर्यास्ताचा ड्रोन किनाऱ्यावरून उडवा, होडी समोर पाण्यात ठेवा. फोटोत फरक कुणालाही कळत नाही. आणि तांडेलाचं ऐका. गेल्या हंगामात आमच्या तांडेलमामांनी क्षितिजाकडे बघून म्हटलं, “वारो सुटलो रे, बेगीन हाड तें.” म्हणजे वारा सुटला, लवकर आण ते. माझ्या फोनवरचं अ‍ॅप तेव्हा शांत वारा दाखवत होतं. ड्रोन हातात आला आणि पाचच मिनिटांत पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले.

घारींचं सांगायलाच हवं. मासळी उतरते तिथे, कुटबण, बेतूल, शापोरा, ब्राह्मणी घारी घिरट्या घालत असतात. ट्रॉलर परतायच्या वेळेला तर थवाच. घार ड्रोनवर वरून झेपावते. ती दिसली की बाजूला पळू नका, सरळ वर चढा. सरळ वर जाणाऱ्या गोष्टीत तिला रस उरत नाही असा माझा अनुभव. डॉल्फिन दिसले तर लोक आग्रह करतातच. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत. होडीही लांब ठेवा, ड्रोनही.

जागा आणि कायदा. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं आणि त्या व्याख्येत किनाऱ्यालगतचा सागरी हद्दीतला पट्टाही येतो. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट आणि ८ च्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. गोव्यात दाबोळीच्या विमानतळावर नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि जानेवारी २०२३ पासून उत्तरेला मोपाचा विमानतळही सुरू आहे. त्यामुळे दाबोळीजवळच्या वास्को, बोगमाळो, ग्रँड आयलंड या बाजूला ड्रोनचं नावही काढू नका. पणजीत मांडवीवर तर कॅसिनो, फेरीबोटी आणि नौदल, एवढी गर्दी मला पैसे देऊनही नको. पाळोळे दाबोळीपासून सरळ रेषेत सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दूर आहे, तुमची निवड चांगली आहे. तरी निघायच्या दिवशी सकाळी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा बघा. क्षेत्रं बदलतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण म्हणून नोंदणी क्रमांकही लागत नाही असा समज करून घेऊ नका.

परतल्यावर तासाभरात ड्रोन पुसा: गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. पाती काढून त्यांच्या मुळाशीही, मीठ तिथे साचतं. आणि ड्रोन समुद्रात पडून हाती लागलाच तर चालू करून बघू नका. बॅटरी काढा, ड्रोन गोड्या पाण्याने धुवा. ती बॅटरी होडीतल्या पिशवीत किंवा हॉटेलच्या खोलीत नेऊ नका. खारं पाणी शिरलेली बॅटरी तासाभराने, कधी रात्रीही, पेटू शकते. आमच्या होडीत त्यासाठी वाळू भरलेली लोखंडी बादली असते, तांडेलमामांच्या विडीची थोटकंही तिच्यातच.